घोट्याच्या वर

लोक देवाच्या मागं जातात, पुढाऱ्याच्या मागं जातात, पैशाच्या मागं तर सगळेच जातात. मी पोरवयात एका नाच्याच्या मागं गेलो. त्याची लाज मला तेव्हा वाटली नाही, आता ऐंशी ओलांडल्यावर काय वाटणार. खडी गंमत आता फारशी कोणी पाहिलेली नसेल म्हणून सांगतो. उभ्याउभ्यानं करायचा खेळ तो. पडदा नाही, स्टेज नाही, शेणानं सारवलेली जमीन असली की झालं. एक शाहीर, एक ढोलकीवाला, एक डफवाला, एक झांजवाला आणि मधोमध लुगडं नेसून बाई झालेला पुरुष. तो नाच्या. शंकरपट भरला की सकाळी बैलांच्या जोड्या धावायच्या आणि दुपारी गंमत उभी राहायची. लोक बैलांसाठी यायचे. मी दुपारची वाट पाहत बोराच्या झाडाखाली बसून राहायचो. कोणत्या गावच्या पार्टीत कोणता नाच्या आहे, कोण आजारी आहे, कोणी पार्टी बदलली, हे मला तोंडपाठ होतं. पाढे नव्हते. चौथीत शाळा सुटली तेव्हा गुरुजी माझ्या बाला म्हणाले की पोट्ट्याला डोकं नाही. डोकं होतं, पण ते नाचणाऱ्याच्या पायांत अडकलं होतं.

आमचं घर गावाबाहेरच्या वस्तीत, समुद्रपूरच्या अलीकडं. घरात एक माग होता. त्याच्या खड्ड्यात पाय सोडून बा दिवसभर बसायचा आणि जाडंभरडं कापड विणायचा. पासोड्या, पंचे, कधी लुगडं. मी जागा व्हायचो तो त्या खटखटीनं आणि झोपायचो तो ती थांबल्यावर. ठोका, धोट्याची सरसर, पुन्हा ठोका. मला ताल कोणी शिकवला असं कोणी विचारलं तर मी बाचं नाव सांगीन, आणि बा वर बसून हसेल, कारण त्याला नाच अजिबात आवडत नव्हता. माय पहाटे दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायची, परत येऊन चुलीवर कण्या शिजवायची. कण्या, वरून अंबाडीची भाजी, असली तर जवसाची चटणी. थंडीत तुरीच्या शेंगांतले ओले दाणे, म्हणजे सोले, आले की घरभर वास. मी खाऊन हात धुवायच्या आत माय विचारायची, "आज कोन्या गावले?" तिला माहीत असायचं. कागदात भाकर बांधून द्यायची आणि म्हणायची की बापाला मी सांगते, पण दिवस बुडायच्या आत ये. बा मागावरून मान न वळवता म्हणायचा, "जाऊ दे त्याले. आपल्या घरी एक बैल कमी होता, थो पटावर जाऊन राह्यला."

मी ज्याच्यासाठी जायचो त्याचं नाव लहानू. सावळी नावाचं गाव आमच्यापासून अर्ध्या दिवसाच्या चालीवर, तिथला. काळा, उंच, हाडकुळा. रूपावर जाल तर हिंगणघाटकडच्या पार्टीत एक गोरा नाच्या होता, गालावर खळी, लोक त्याच्यासाठी वेडे. त्याचे चाहते आणि लहानूचे चाहते अशा आमच्या मारामाऱ्या होत. मी एकदा दात हलवून घेतला. माझं म्हणणं एकच होतं, की तो गोरा आहे, बाकी काही नाही. डोळे मारतो, कंबर हलवतो, पाय मात्र पोत्यासारखे टाकतो. लहानू डोळा मारत नव्हता. तो लुगडं घोट्याच्या चांगलं वर नेसायचा, म्हणजे पाय पूर्ण दिसायचे, आणि मग पायांनीच बोलायचा. त्याची एक जागा होती. ढोलकी चढत चढत जायची, तो गिरकी घेत यायचा आणि एकदम एक पाय अधांतरी ठेवून थांबायचा. घुंगरू बंद. ढोलकी बंद. पटावरचे बैलसुद्धा थांबले असं वाटायचं. आता पाय खाली येईल, आता येईल, असं म्हणता म्हणता आपला श्वास कोंडायचा, आणि मग तो पाय इतका अलगद टेकायचा की जणू खाली कोणाचं तान्हं लेकरू झोपलं आहे. त्या एका थांबण्यासाठी मी उन्हात किती गावं तुडवली याचा हिशोब मी ठेवला नाही. चपला नव्हत्या, त्यामुळं झिजल्याही नाहीत.

आमच्याकडं एक रीत होती. गंमत ज्या गावात, त्या गावच्या एका घरानं नाच्याला नेसायला लुगडं द्यायचं. त्यात मान होता. खेळ झाला की लुगडं घडी करून, वर नारळ ठेवून परत यायचं. नाचताना फाटलंच तर नाच्याच्या घरानं ते नीट करायचं आणि देणाऱ्या घरानं स्वतः जाऊन आणायचं. निरोप्याच्या हाती पाठवणं म्हणजे अपमान. आमच्या गावात पार्टी आली आणि लुगड्याची पाळी आमच्या घरावर आली, तेव्हा मायनं पेटीतून आपलं हिरवं काढलं. तांबड्या काठाचं. बानं लग्नाच्या साली तिच्यासाठी विणलेलं, तिनं ते चार वेळाही नेसलं नव्हतं. बा म्हणाला, दुसरं दे. माय म्हणाली, "पोरगा ज्याच्यामांगं उपाशी फिरते, त्याले का जुनेर देऊ?" त्या दुपारी पहिल्या रांगेत बसून मी माझ्या मायचं लुगडं नाचताना पाहिलं. गिरकीत काठ घुंगरात अडकला आणि वीतभर फाटला. तो आवाज मला ढोलकीच्या वर ऐकू आला. मायनं तोंडाला पदर लावला, बा उठून घरी गेला.

सोले संपत आले तेव्हा लुगडं आणायला मला सावळीला धाडलं. मी उडत गेलो, कारण लहानूच्या घरी जायचं होतं. पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. पुढच्या दारी कोणी नाही. मागच्या परसातून, सांदवाडीतून, आवाज येत होता, पायाचा. मी पाय ओळखतो. कुडाला डोळा लावण्याची गरज नव्हती, फाटक उघडंच होतं. लहानू बाजेवर बसून बोरं खात होता, बिया कोंबडीला मारत होता. आणि समोर एक पोरगी, हातात सूप, अर्धी ज्वारी पाखडलेली, लुगडं घोट्याच्या वर खोचलेलं, ती गिरकी घेत होती. सूप हातातच. ती आली, पाय उचलला आणि थांबली. माझा श्वास कोंडला. पाय टेकला तेव्हा सुपातला दाणासुद्धा हलला नाही. ती लहानूला म्हणाली, "पाह्य, तू घाई करतं. लोकाइले वाटलं पाह्यजे का आता पाय पडन, अन् तवाच पाडाचा नाई." लहानू म्हणाला की त्याच्या मांडीला पेटके येतात. मी दारात उभा राहून बोललो, अक्कल नसल्यासारखा बोललो, की हे तर लहानूचं आहे. तिनं वळून पाहिलं. मला वाटलं होतं लाजेल, आत पळेल. ती म्हणाली, "लहानूचं? थो मायापाशी शिकला. तूच का थो, पयल्या रांगेत तोंड उघडं ठेवून बसते? हा सांगते मले. म्हंते, एक हाय, त्याच्या तोंडात माशी जाईन एक दिवस."

ती लहानूची बहीण. नाव अनसूया, पण सगळे अनसा म्हणायचे. भुलाबाईची गाणी म्हणत पोरी घरोघर फिरतात, त्यात ती लहानपणापासून पुढं. मोठी झाली तसं अंगणात नाचणं बंद झालं, मग सांदवाडीत नाचायला लागली. जे जमलं ते भावाला शिकवायची. तो पटावर जायचा, ती घरी ज्वारी पाखडायची आणि परत आल्यावर विचारायची, लोक कुठं गप्प झाले. तिनं आपला नाच कधी लोकांपुढं पाहिलाच नव्हता. मी त्या दिवशी तिला सांगत बसलो. कोणत्या गावात कोण रडलं, कोणत्या जागी ढोलकीवाला चुकतो, गोऱ्याचे लोक त्या थांबण्याला काय शिव्या देतात. ती सूप खाली ठेवून ऐकत होती. लहानू कंटाळून झोपला. मग तिनं लुगडं आणून दिलं. शिवण नव्हती, तिनं काठातलेच धागे ओढून रफू केलं होतं. घरी आल्यावर बानं ते उजेडात धरलं, उलटं केलं, सुलटं केलं. त्याला जागा सापडेना. "हे कोन केलं?" म्हणाला. मी सांगितलं. तो पुन्हा मागावर बसला, पण त्या दिवशी त्यानं बैलाचं नाव काढलं नाही.

मागच्या सालची गोष्ट. नात नागपुरास शिकते, ती आली होती. तिनं मोबाइलवर दाखवलं, परदेशातल्या पोरी, पायाच्या बोटांवर उभ्या राहून नाचतात. त्याला बॅले म्हणतात. तिकडं म्हणे लोक एकेका नाचणारीसाठी गावोगाव जातात, रात्ररात्र रांगेत उभे राहतात. नातीला वाटलं आजोबाला नवल सांगते आहे. मी म्हटलं, बाई, हे मी केलं आहे. अनसा तेव्हा खाटेला खिळली होती, बोलणं तुटक झालं होतं. तिला फोन दाखवला. तिनं पाहिलं, पाहिलं, आणि पडद्यावरच्या पोरीच्या पायाला बोट लावलं. चित्र थांबलं. ती पोरगी हवेतच राहिली. नात म्हणाली, आजी, चुकून दाबलं गेलं. अनसा म्हणाली, "राहू दे. तशीच राहू दे."

असो. मी सावळीला गेलो त्या सालच्या दसऱ्याला नागपूरला धम्मदीक्षा झाली. आमची वस्ती झाडून गेली, गाड्या जोडून, पायी, पोरं खांद्यावर घेऊन. परत आलो ते दुसरे होऊन आलो. घरातले जुने देव नदीला दिले. मेलेलं ढोर ओढणं बंद, दुसऱ्याच्या मिरवणुकीत वाजवणं बंद. आणि बायकांनी लुगडं खाली घेतलं. हे आजच्या लोकांना कळायचं नाही. आमच्या बायका पिढ्यान् पिढ्या लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून राबल्या, पायघोळ नेसणं हे मोठ्या घरच्यांचं. आता वस्तीनं ठरवलं की आपलीही बाई पायघोळ नेसेल. माय पहिल्या दिवशी तसं नेसून विहिरीवर गेली तेव्हा दोनदा अडखळली, पण मान अशी ठेवली होती की मी तशी कधी पाहिली नव्हती. हे ठरवण्यात पुढं होते ऋषीजी. लहानूच्या पार्टीचे शाहीर तेच आणि आमच्या वस्तीतले शहाणेही तेच. भला माणूस, कडक. त्यांनी सांगितलं की पुरुषानं बाई होऊन लोकांची करमणूक करणं आजपासून बंद. घुंगरू त्यांनी स्वतः फडक्यात बांधून माळ्यावर टाकले. लहानूनं लांब केस कापले, हिंगणघाटला गिरणीत लागला आणि खूश झाला. त्याला नाच कधी मनापासून नकोच होता, पेटके येत होते. सगळी वस्ती आनंदात होती. मीही होतो, खोटं सांगत नाही. फक्त मला माहीत होतं की तो थांबलेला पाय आता जगात एकाच सांदवाडीत उरला आहे, आणि तो तिथंच म्हातारा होणार. मी ठरवलं की तसं होऊ देणार नाही. कसं ते माहीत नव्हतं.

ते ऋषीजींनीच सोपं केलं. दीक्षेला वर्ष होईल तेव्हा बुद्धाच्या जीवनातला प्रसंग करायचा, गाण्यात आणि नाचात, असं त्यांनी ठरवलं. तपस्वी उपास करकरून सुकला आहे आणि गावातली एक पोर त्याला खीर आणून देते, तो प्रसंग. गाणी त्यांनीच रचली. तपस्वी व्हायला लहानू, कारण त्याच्याइतका हाडकुळा दुसरा नव्हता. तालमी आमच्या मागाच्या पडवीत. अडचण एकच, खीर देणारी पोर कोण. पुरुषानं बाई व्हायचं नाही हा नियम त्यांचाच. म्हणून त्यांनी काढलेली वाट अशी, की पोर दाखवायचीच नाही. तपस्व्यापुढं पाटावर कटोरं आधीच ठेवायचं आणि शाहिरानं गाऊन सांगायचं की खीर आली. पहिल्या तालमीला ऋषीजी डोळे मिटून गायले, खीर आली, खीर आली. लहानूनं एक डोळा उघडला. "कुठून आली?" म्हणाला. "चालत आली काय?" पडवीतले सगळे हसले. मागावरून बासुद्धा हसला. ऋषीजी मात्र हसले नाहीत, खाली मान घालून बसले. त्यांनाही दिसत होतं की खीर महत्त्वाची नाही, ती आणणारी महत्त्वाची आहे. तेव्हा मी बोललो. म्हटलं, पुरुषानं बाई व्हायचं नाही हे बरोबर. मग बाईलाच बाई होऊ द्या. अनसाला बोलवा. हा लहानू जे नाचत होता ते सगळं तिचं आहे. लहानूनं मान हलवली, म्हणाला खरं आहे, मी तर नुसता गडी होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही सावळीला गेलो, ऋषीजी, बा आणि मी. अनसाच्या आईनं गूळपाणी दिलं आणि ऐकल्यावर गूळ परत घ्यावा असं तोंड केलं. म्हणाली, पोरगी लोकांत नाचली की तिचं नाव जातं, इतकी वर्षं काय आम्ही तिला सांदवाडीत हौसेनं ठेवली? ऋषीजींना पटत होतंही आणि नव्हतंही. ते माझ्याकडं वळले. "तू मोठा वकील होऊन आला. नाचल्यावर तिच्यासंगं लगन कोन करन, थे सांग."

"मी करीन," मी म्हणालो.

बानं माझ्याकडं पाहिलं. "घरी इचारलं का बे?"

आतून अनसा बाहेर आली. हात पिठाचे. "अन् मले?" म्हणाली. "लगन करतो म्हून नाचू, का नाचली म्हून लगन करतं? असा सौदा मी करत नाई. नाच माया हाय, थो मले करायचा हाय, म्हून मी करीन. लगनाचं मंग सांगीन." आणि आत गेली. भाकर करपल्याचा वास आला. तिच्या आईनं कपाळावर हात मारला, पण नाही म्हटलं नाही. निघताना ऋषीजींनी एक अट घातली, लुगडं पायघोळ पाहिजे. घुंगरू नाहीत आणि लुगडं घोट्याच्या खाली, जमिनीला टेकलेलं. आतून उत्तर आलं नाही. आम्ही ते होकार समजलो. तिला ओळखत नव्हतो म्हणून समजलो. पुढं जन्मभर तिचं गप्प बसणं हे कधीच होकार नव्हतं, हे मला कळायला लग्न करावं लागलं.

दीक्षेला वर्ष झालं त्या दिवशी, दिवस कलायच्या आत खेळ ठेवला होता. आजूबाजूच्या वस्त्यांतून लोक आले, गावातलेही काही दूर पिंपळाखाली उभे राहिले, हसायला आले होते. वावरात ज्वारी उभी होती, पऱ्हाटीला बोंडं धरली होती. मायनं सकाळपासून गव्हाची खीर लावली होती, खरी, गूळ घालून. ऋषीजी म्हणाले होते की रिकामं कटोरं चालेल, माय म्हणाली रिकाम्या कटोऱ्यानं कोणाचं पोट भरलं. लुगड्याची रीत मात्र कोणी मोडली नाही. मायनं पुन्हा हिरवंच काढलं. बायका अनसाला आमच्या घरात नेसवायला घेऊन गेल्या. बाहेर लहानू राखाडी फासून डोळे मिटून बसला. मी पहिल्या रांगेत. गाणं सुरू झालं, ढोलकी लागली आणि अनसा दारातून बाहेर आली. हातात कटोरं, डोक्यावरून पदर, आणि लुगडं घोट्याच्या वर. चार बोटं वर. पाय पूर्ण उघडे.

ऋषीजींनी हात वर केला. ढोलकी थांबली. लोकांत कुजबुज, पिंपळाखालून कोणीतरी हसलं. ऋषीजी हळू आवाजात बोलले, पण मी जवळ होतो, मला ऐकू आलं. म्हणाले, "बाई, तुया मायनं, माया मायनं, लुगडं खोचून दुसऱ्याच्या वावरात जन्म काढला. एक वर्ष नाई झालं आपल्याले खाली घेतल्याले. हे लोक हासून राह्यले. काऊन असं करतं?" त्यांचे डोळे भरले होते. ते खोटं बोलत नव्हते. अनसानं कटोरं तसंच धरलं होतं. तीही हळूच बोलली. "वावरात खोचत होतो थे दुसऱ्याच्या कामासाठी. हे माया कामासाठी हाय, ऋषीजी. पाय नाई दिसले तं नाच कायचा?"

लहानूनं डोळे उघडले आणि बहिणीकडं पाहिलं. मला उठायचं होतं, काहीतरी बोलायचं होतं, आणि जन्मात एकदाच मला समजलं की हे माझं बोलायचं नाही. माय उठली. पायघोळ नेसलेली माझी माय, जिनं वर्षभर अडखळत, मान वर ठेवून पाणी भरलं होतं. ती रांगेतून पुढं आली, अनसाजवळ गेली, वाकली आणि लुगड्याचा काठ एका बाजूनं जरा खाली आला होता तो पुन्हा वर खोचून सारखा केला. मग ऋषीजींना म्हणाली, "वाजवाले सांगा. लुगडं माहं हाय."

ऋषीजींनी हात खाली घेतला.

त्या नाचाचं काय सांगू. घुंगरू नव्हते, म्हणून सारवलेल्या जमिनीवर फक्त तिच्या पायांचा आवाज होता. इतकी वर्षं मी घुंगरांत पाय ऐकत होतो, त्या दिवशी पाय ऐकले. ती गावातून रानाकडं चालली आहे, उन्हातून चालली आहे, कटोरं सांडू नये म्हणून जपते आहे, हे सगळं पायांनी सांगत होती. ढोलकी चढली. गिरकी आली. कटोरं हातात, भरलेलं. ती तपस्व्यापुढं आली, पाय उचलला आणि थांबली. लहानू ज्या जागी पेटक्यानं पाय टाकून द्यायचा त्याच्या कितीतरी पुढं ती गेली. पिंपळाखालचे गप्प झाले. मी ऋषीजींकडं पाहिलं, त्यांचं तोंड उघडं होतं, माझ्यासारखंच. घरात बा एकटा मागावर बसला होता, त्याला नाच आवडत नव्हता ना. त्याच वेळी मागाची खटखट थांबली आणि बा दारात येऊन उभा राहिला. मग तिनं पाय टेकवला.

खीर लहानूनं खरीच खाल्ली, सगळी खाल्ली, भुकेला माणूस. उरलेली मायनं बोटबोटभर सगळ्यांना वाटली, पिंपळाखालच्यांनाही. अनसा घामानं निथळत आमच्या ओट्यावर बसली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो. ती म्हणाली, "तोंड बंद कर आता. अन् तुया बापाले आमच्या घरी पाठवजो." बा सोले यायच्या आधी जाऊन आला.

पुढं ती काही वर्षं नाचली. आमचं कलापथक हिंगणघाटला गेलं, वर्ध्याला गेलं, कारंज्याकडच्या गावांत ट्रकमध्ये उभं राहून गेलं. मी आधीसारखाच मागं मागं, फक्त आता भाकरीचं गाठोडं दोघांचं असायचं, आणि पुढं पोर कडेवर. नवरा म्हणून मी कसा होतो ते तिलाच विचारायला पाहिजे होतं. चाहता म्हणून माझ्यात कोणी खोट काढू शकणार नाही. मी कधी मागं बसलो नाही. मग गुडघे गेले, तिनं स्वतःच एक दिवस सांगितलं की आता बस. ते हिरवं लुगडं विरलं तेव्हा तिनं त्याची गोधडी शिवली. ती मी आज पांघरतो. रफूची जागा शोधतो कधीकधी. बाला सापडली नाही, मला काय सापडणार.

या हिवाळ्यात ती गेली. आमच्या रीतीप्रमाणं पांढरं लुगडं आणलं. भंतेजी आले, पोरं आली, सुना आल्या. बायकांनी नेसवलं आणि काठ ओढून पायांच्या बोटांपर्यंत आणला, वर पांढरी चादर घातली, नीट टोकं खोचली. मी भिंतीला टेकून पाहत होतो. मी म्हटलं, वर घ्या. कोणाला कळलं नाही. मी म्हटलं, "लुगडं वर घ्या. घोट्याच्या वर. पाय दिसले पाह्यजेत." मोठा पोरगा जवळ आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, बाबा, असू द्या, आता काय करायचं त्याचं. एक म्हातारी म्हणाली की असं बरं दिसत नाही, लोक काय म्हणतील. मी त्यांना सांगितलं की लोक पिंपळाखाली उभे राहून पाहतील. माझं कोणी ऐकेना, मला दुःखानं भ्रम झाला असं त्यांना वाटलं. तेव्हा मी काठी टाकली, खाली बसलो आणि चादरीचं टोक स्वतः काढायला लागलो. ते माझ्याच्यानं निघेना. धाकट्या सुनेनं ते पाहिलं. ती काही न बोलता माझ्याजवळ बसली, माझे हात बाजूला केले, काठ धरला आणि वर घेतला. चार बोटं. दोन्ही बाजूंनी सारखा केला.

मग मी तिथंच, तिच्या पायांसमोर, माझ्या जागेवर बसलो. पहिल्या रांगेत.